अर्थिंगच्या खड्ड्याला अर्घ्य

आधीच सांगतो, मी बालाघाटला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवतो. अमानवीय वगैरे गोष्टी निघाल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा माणूस आहे मी. तरी हे लिहितोय... कारण जे झालं ते माझ्याच विषयात झालं.

मागच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली. अंगणातल्या भिंतीवर चार्जर बसवला आणि त्याच्यासाठी कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा नवा खड्डा केला. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की चार्जर एरर दाखवतो, म्हणून आमचे वायरमन बिसेनभाऊ जाताना आईला सांगून गेले, "माँजी, गर्मी में अर्थिंग को रोज पानी देना." आईने ऐकलं – अर्घ्य. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की तांब्याभर पाणी, हळदकुंकू, सूर्याला नमस्कार आणि अर्घ्य थेट त्या खड्ड्यात! मी खूप चिडवलं. पण माती ओली राहायची, चार्जर एकदाही कुरकुरला नाही. म्हटलं, चालू दे.

मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं आणि गावभर लाइट गेली. विजा कडाडत होत्या म्हणून चार्जरचा स्विच मी स्वतः खाली पाडून बंद केला. चार्जरच्या वायरीची गन तेवढी गाडीला तशीच लागलेली राहिली. गाडीत सहा टक्के चार्जिंग होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाइट आली नव्हती. तेव्हाच आईच्या छातीत दुखायला लागलं, अंग घामाने चिंब. आमचे डॉक्टर फोनवर म्हणाले, ताबडतोब गोंदियाला हलवा. अ‍ॅम्ब्युलन्स लामत्याकडे गेलेली, शेजाऱ्यांची गाडी लग्नाला तिरोडीला. सहा टक्क्यांत वीस किलोमीटरही होत नाहीत, गोंदिया त्याच्या दुप्पट. जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जाऊ, पुढे कुणाला तरी हात दाखवू, असं बायकोला सांगून मी गन काढायला अंगणात आलो.

चार्जरचा हिरवा दिवा लागलेला होता.

स्विच खालीच. घरातले पंखे बंद. गन हातात घेतली तर कोमट – चार्जिंग चालू असताना असते तशी. गाडीत बसून स्क्रीन पाहिली... एकाहत्तर टक्के.

भीती नाही वाटली. खरं सांगतो, पायातली चप्पल काढून ठेवावीशी वाटली.

गोंदियाला वेळेत पोचलो. अँजिओप्लास्टी झाली आणि आठवड्याभराने आई घरी आली.

मग बिसेनभाऊंना बोलावलं. त्यांनी चार्जर उघडून सगळं तपासलं. "सर, इसमें तो करंट आयाच नहीं," एवढंच म्हणाले. गाडीच्या अ‍ॅपमध्येही त्या दिवशीच्या चार्जिंगची नोंद नाही.

माझ्यातला मास्तर काही गप्प बसेना. एका रविवारी सकाळी कुदळ घेऊन खड्डा उकरायला निघालो. आई दारात बसून भाजी निवडत होती.

"काहून खोदून राह्यला रे?"

म्हटलं, खाली काय आहे ते बघतो तरी.

ती मान वर न करता म्हणाली, "देताना त्यानं तुले काही विचारलं होतं काय?"

कुदळ परत ठेवून आलो. सर्किट पूर्ण झाल्याशिवाय करंट वाहत नाही, हे वर्गात अजूनही शिकवतो, आणि ते खरंच आहे. त्या दुपारचं उत्तर मात्र आजही माझ्याकडे नाही... आई आहे.