मनकर्णाच्या मरणाचं नाव

तलवाड्याची रोहिणी दारात उभी राहून आपलं काम सांगते, तेव्हा माणसं आधी बिचकतात. घरातलं कुणी घरातच वारलं असेल, शेवटी डॉक्टरनं पाहिलेलं नसेल, तर दिवसकार्य उरकल्यावर ती त्या घरी जाते आणि ते माणूस कसं गेलं हे विचारते. घरचे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. कुणी म्हणतं, अंगावरून वारं गेलं. कुणी म्हणतं, बाळाचं पोट उडत होतं. पुढं शहरातले दोन डॉक्टर ते एकमेकांना न विचारता वाचतात आणि त्या मरणाला एक ठरलेलं नाव देतात. ते नाव बीडमध्ये ज्या आजाराचं, दुसऱ्या कुठल्याही मुलखात त्याच आजाराचं. माणसं कशानं मरतात हे एका भाषेत कळलं, तरच काही उपाय करता येतो, असं तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आणखी एक बजावलं होतं. आजाराचं नाव आपण ठरवायचं नाही, घरच्यांना सुचवायचंही नाही.

रोहिणीला हे काम मनापासून पटलं होतं. ती शाळेत असताना तिची आई ऊसतोडीला गेली आणि तिकडं पाचटाच्या कोपीतच वारली. काय झालं होतं असं विचारलं की वडील शहादेव एवढंच सांगायचे, ताप होता. त्याहून जास्त त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळा लागताना ती उमापूरच्या शिवारात हरिबाच्या वस्तीवर गेली. हरिबा मेंढरं राखणारा, सत्तरीकडं झुकलेला. त्याची बायको मनकर्णा दिवाळीनंतर वारली होती. सून बबितानं पाणी आणून दिलं आणि ती दाराच्या आड बसली. रोहिणीनं विचारलं तेव्हा हरिबानं मेंढरांच्या वाड्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “ती वाळली, बाई. उभ्या पिकानं वाळावं तशी वाळली.”

रोहिणी एकेक गोष्ट विचारत गेली. खोकला होता का? होता, पण मेंढरांमागं धुळीत हिंडणाऱ्याला खोकला असतोच. ताप? संध्याकाळी कणकण यायची. घाम? गोधडी भिजायची. थुंकीतून रक्त पडायचं का, या प्रश्नावर हरिबानं दाराकडं पाहिलं. आडून बबिता म्हणाली, पदराला लाल डाग असायचे, मी धुवायची. गावातल्या दवाखान्यात सुया घेतल्या, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग हरिबानं स्वतःहून सांगितलं की हे सगळं करणीनं झालं. करणारी त्याची थोरली भावजय, कडूबाई. ओढ्यापलीकडं एकटी राहते. बांधावरून भांडण झालं आणि पुढच्याच महिन्यात मनकर्णानं अंथरूण धरलं. भगतानंही तिकडंच बोट दाखवलं. तेव्हापासून कडूबाईशी बोलणं बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद. गावातल्या बायाही तिला बघून वाट बदलू लागल्या.

रोहिणीनं तेही लिहून घेतलं. घरचे सांगतील ते लिहायचं, असा नियमच होता. पण उठताना तिचं लक्ष बबिताकडं गेलं. बबिता पदर तोंडाशी धरून खोकत होती. खोकला आवरता आवरत नव्हता आणि ढगळ झालेलं पोलकं खांद्यावरून उतरत होतं.

वस्तीपासून थोडं पुढं आल्यावर रोहिणीनं आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. तिनं जे पाहिलं ते सांगितलं आणि विचारलं, मी काय करू? डॉक्टर म्हणाले, “गेलेल्या माणसाच्या आजाराचं नाव तुम्ही सांगू नका. पण जिवंत माणसाला तपासणीला न्यायला कुणी अडवलंय?”

ती तशीच माघारी फिरली. बबिताचा नवरा अंगद आधी तयार होईना. टीबी निघाला तर घराला डाग लागेल, बहिणीचं लग्न व्हायचंय, असं तो म्हणत राहिला. करणी म्हटलं की दोष दुसऱ्याच्या दारात जातो. टीबी म्हटलं की तो आपल्या घरात राहतो. रोहिणीनं वाद घातला नाही. उद्या मी सोबत येते, एवढंच म्हणाली. बबिता आतून म्हणाली, “मला जायचंय.” तेव्हा अंगदनं हरकत सोडली.

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात बबिताची थुंकी तपासली. फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. औषधं फुकट मिळाली. सहा महिने एकही गोळी चुकवायची नाही, असं समजावून सांगितलं. घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. हरिबाही आला. त्याच्या तपासणीत काही निघालं नाही, पण तो बाकावरून उठेना. तिथल्या डॉक्टरीणबाईला त्यानं विचारलं, “माझ्या मालकिणीला बी ह्येच झालतं का?”

डॉक्टरीणबाई म्हणाली, तिला तपासलेलं नाही, म्हणून खात्रीनं सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून तसंच दिसतं. हा आजार खोकल्यातून एकाचा दुसऱ्याला लागतो. वेळेवर औषध मिळालं तर माणूस बरं होतं.

हरिबानं रोहिणीकडं पाहिलं. “मंग कडूबाईनं काय केलं?”

“काहीच नाही, बाबा.”

परतताना जीपमधून ओढ्यापाशी उतरल्यावर तो रोहिणीला म्हणाला, माझ्यासंगं चल, एकट्यानं जायला पाय उचलत न्हाई.

कडूबाई अंगणात तुरी पाखडत होती. दिराला पाहून तिचं सूप थांबलं, पण ती उठली नाही, बसा म्हणाली नाही. हरिबा जमिनीवरच बसला. दवाखान्यात जे कळलं ते त्यानं मोडकंतोडकं सांगितलं. शेवटी म्हणाला, “वैनी, तुमच्यावर आळ घेतला. माझं चुकलं.”

कडूबाईनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग विचारलं, “शेवटाला लई तरास झाला का तिला?”

“झाला.”

“एका ताटात जेवलेल्या जावा आमी. तुमी मला तिचं तोंड बी बघू दिलं न्हाई.”

हरिबानं मान खाली घातली. मग कडूबाईनं बबिता गोळ्या खाऊन ओकते का, असं विचारलं. पोट भरलेलं असताना घ्यायला सांगा म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

बबिता हळूहळू सुधारली. पावसाळ्यात तिनं अंग धरलं, पुढं औषधही पूर्ण झालं. अंगदच्या बहिणीची सोयरीक मात्र एका ठिकाणी मोडली. टीबीचंच कारण होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. अंगद काही दिवस रोहिणीशी बोलत नव्हता, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत राहिलं.

मनकर्णाच्या वर्षश्राद्धाला हरिबानं रोहिणीला निरोप पाठवला. भावकी जमली होती. जेवणाआधी हरिबा उभा राहिला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, “माझी बायको टीबीनं मेली. करणीनं न्हाई. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून कडूबाईचं नाव ऐकलं, त्यांनी ह्ये बी ऐकून ठिवा.”

पंगतीत कुजबूज झाली. एक म्हातारा म्हणाला, असं चारचौघांत सांगतात व्हय? हरिबा खाली बसला आणि त्यानं वाढायला सांगितलं.

कडूबाई आली होती. बायकांच्या पंगतीत टोकाला बसली होती, शेजारची जागा रिकामीच होती. बबितानं आपलं ताट उचललं आणि ती तिथं जाऊन बसली.