तलवारवाल्या बाहुल्याला कुंकू

आमच्या बीदरच्या घरात एसी एकच, खालच्या खोलीत, आणि त्या खोलीत माणूस झोपत नाही. तिथं माझ्या नवऱ्याचे बाहुले राहतात. पन्नाशीला टेकलेला, कचेरीत साहेब म्हणवून घेणारा हा माणूस जुन्या काळची खेळणी जमवतो, तीही न फोडलेली. पुठ्ठा, त्यावर प्लास्टिकचा फुगवटा, आत दंड फुगवून उभा असलेला गडी. फोडायचं नाही, खेळायचं नाही, नुसतं बघायचं.

रविवार आला की हा मन्नाएखेळ्ळी, हुलसूर, पार उदगीरपर्यंत जुन्या जनरल स्टोअरांचे माळे धुंडाळत फिरतो. दुकानदार आधी छापा पडला म्हणून घाबरतात, मग तोंडावर हसतात. घरात पाल दिसली तर मला हाक मारणारा हा शूर तिथं उंदरांच्या लेंड्यांतून सरपटत जातो. मग ग्रेडिंग. म्हणजे परदेशातला कुणी शहाणा भिंग लावून बघणार, कोपरा दुमडलाय का, प्लास्टिक पिवळं पडलंय का, आणि कडक पारदर्शक डबीत बंद करून वर गुण चिकटवणार. गुण मीही देते शाळेत, पण पोरांना डबीत कोंबत नाही. हे बोलून दाखवलं की म्हणायचा, "गाढवाला गुळाची चव काय!"

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसू दे. पण सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्यांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना संतपूरहून इकडं आणलं, आणि माझं डोकं फिरलं. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. खाली झोपायची खोली एकच. म्हणून म्हातारी बैठकीत, दिवाणावर. येणारा-जाणारा तिच्या उशाशी चपला काढणार. लुगडं बदलायचं तर मी चादर धरून उभी. उन्हाळ्यात पंखा नुसत्या वाफा फेकायचा, ती ओला पंचा छातीवर टाकून पडायची, आणि भिंतीपलीकडं बाहुले गारेगार.

"अहो, आत्यांना आत झोपवा," मी रोज म्हणायचे.

"माणूस झोपला की खोलीत ओल धरतीय. पुठ्ठा खराब होतोय. तुला समजत कामून न्हाई?"

आईच्या श्वासानं पुठ्ठा खराब होतो म्हणे! असल्या माणसाची बायको असल्याची लाज वाटली मला.

अशातच दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. सकाळपासून म्हातारी काठी टेकत घरभर फिरली. विळी, मिक्सर, स्कूटर, साहेबांचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू. टेबलावर एक बाहुला होता, ग्रेडिंगला पाठवायचा म्हणून बाहेर काढून ठेवलेला. नवरा आंघोळ करून आला, तर पुठ्ठ्यावर हळदीची पाच बोटं, मधोमध ओलं कुंकू आणि वर झेंडूचं फूल.

अशी बोंब मारली त्यानं, की शेजारचे अण्णा तोंडाला दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आले.

"माय! काय केलीस हे? सत्यानाश!"

"कामून? हातात तलवार हाय की त्याच्या. शस्त्र न्हवं का ते?"

मी स्वयंपाकघरात पळाले आणि तोंडात पदर कोंबून हसले. टॉवेल गुंडाळलेला साहेब कापसानं कुंकू टिपत होता आणि ते पुठ्ठ्यावर आणखीच पसरत होतं.

"आता ह्याला कोण ग्रेड देणार?"

"देवीनं दिली की!" मी आतूनच ओरडले.

दिवसभर तोंड फुगवून बसला आणि संध्याकाळी फर्मान सोडलं. खाली आता काही सुरक्षित नाही, बाहुले वरच्या पत्र्याच्या खोलीत, कुलपात. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी लोकांनी सोनं लुटलं, मी खोली लुटली. एकेक डबी छातीशी धरून हा जिना चढत होता. आईचा हात धरून तिला कधी न्हाणीपर्यंत नेलं नव्हतं त्यानं. रिकाम्या खोलीत मी पलंग मांडला, धुतलेली चादर घातली, एसी लावला. आत्यांनी गोधडी नाकापर्यंत ओढली. "अगं माय, हिवाळाच आलाय की!" म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी सलग झोपल्या.

दसरा झाला तरी ऊन चांगलंच तापत होतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, तर खोलीत मेकॅनिक शिडी लावून उभा. एसी वर न्यायचा होता.

"वर पत्रा तापायलाय," नवरा म्हणाला. "मायचं काय, इतके दिवस पंख्याखाली राहिलीच की."

माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. शिडीपुढं आडवी उभी राहिले. "एसीला हात लावाल तर बघा!"

तेवढ्यात आत्या उठल्या. काठीवर भार टाकून त्यांनी आपला पलंग स्वतःच बाजूला सरकवला, मेकॅनिकला जागा व्हावी म्हणून.

"तू कामून तडफडायलीस, पोरी? घंटा-घंटा वर बसतोय तो. माझ्या लेकराला लहानपणापासून गरमी सोसत न्हाई."

त्याच्याइतकाच मला तिचाही राग आला. एसी गेला. नळी काढलेल्या भोकातून ऊन पलंगावर येत होतं. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, बोळा करून भोक बुजवलं आणि मला म्हणाली, "तेवढं ताक वर नेऊन दे त्याला."