नऊनं भाग

दौंड स्टेशनावर सकाळच्या पुणे गाडीची वाट बघताना एक वयस्क गृहस्थ रोज माझ्याच बाकावर असत. आम्ही एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत. मालगाडीच्या डब्यांचे नंबर उतरवून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर अर्धांगवायू झाला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

समोर मालगाडी थांबली की ते डाव्या हाताचं बोट हवेत सरकवत डब्यावरचा अकरा आकडी नंबर वाचायचे आणि त्याला नऊनं भाग जातो का ते सांगायचे.

"समदे आकडे मिळवायचे. बेरजेला नऊनं भाग गेला, म्हंजी आख्ख्या नंबराला जातोय. डोकं जागेवर हाय का, तेवढं रोज बघतो."

एकदा समोरच्या डब्यावर ३००८१५२६१४७ हा नंबर होता.

"जातोय," ते म्हणाले. "बरोबर हाय न्हवं?"

मी मनात बेरीज केली होती. ती सदतीस येत होती. तरी मी म्हणालो, "हो आबा, बरोबर."

त्यांचं बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर गेलं. "सदतीस. एक उरतोय." मग माझ्याकडं वळले. "तुम्हीबी नुसतं व्हय म्हणाय लागला, तर मला कळायचं कसं?"

त्यांनी पुढचा डबा घेतला. "बाकी सहा."

मी दोनदा बेरीज केली. "नाही आबा. पाच."

त्यांनी मान हलवली आणि पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली.