मास्तरांनी दिलेलं तेल

आमच्या रस्त्यावर सगळे त्यांना तेलमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात इंजिन ऑइलच्या काउंटरवर ते बावीस वर्षं उभे होते, एवढंच. गिऱ्हाईक आलं की ड्रमच्या नळाखाली अंगठा धरायचे, दोन थेंब बोटांत चोळायचे आणि डोळे बारीक करून सांगायचे, "हे न्या. इंजिन नातवालाही पुरेल." त्यानंतर पुढे काही विचारायची कुणाची छाती होत नसे. माझं शेजारी टायरचं दुकान आहे. तेलाचं कुणी विचारलं की मीही बोट त्यांच्याकडेच दाखवायचो.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून गॅरेज चालवायचा. त्याला आम्ही मिस्त्री म्हणायचो. अबोल माणूस. गंजलेला बोल्ट तासभर हलला नाही तरी तोंडातून शिवी नाही. एकट्याचंच गॅरेज, पण हात इतका चोख की लोक आपली पाळी यायची वाट बघत आठवडा आठवडा थांबत.

त्याच्याकडे दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. बुटकी, रुंद, टर्बो बसवलेली, वेगासाठीच बनवलेली गाडी. बाई पन्नाशी उलटलेल्या. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर ही गाडी मोकळी सोडायची. आयुष्यात एवढी एकच हौस केली, असं त्या म्हणायच्या. गाडीचं तेल बदलायचं होतं.

मिस्त्री गाडीचं माहितीपुस्तक बगलेत मारून दुकानात आला. मी तिथेच चहा घेत उभा होतो. आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती.

"भावजी, यात झिरो डब्ल्यू चाळीस लिहिलंय," तो म्हणाला. "आणि गाडीच्या कंपनीच्या मंजुरीचा हा नंबरही डब्यावर पाहिजे म्हणतात. आहे का आपल्याकडे?"

नव्हतं. मागवलं असतं तर चार दिवसांत आलं असतं. पण 'नाही' म्हणणं मास्तरांच्या जिवावर यायचं. त्यांनी पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"झिरो? एवढ्या गाडीत पाणी ओततोस का? अरे, इंजिन जितकं तापट, तितकं तेल जाड. वीस-पन्नास घेऊन जा."

"पण टर्बो आहे ना. साधं तेल त्यात भाजतं म्हणे."

"म्हणे? मी तेलं विकायला लागलो तेव्हा तू चड्डीची नाडी बांधायला शिकत होतास. पुस्तक वाचून कुणी मिस्त्री होतं का रे?"

लोक हसले. मीही हसलो. मिस्त्रीचे कान लाल झाले. चारचौघांत बहिणीच्या नवऱ्याला उलटून काय बोलणार? त्याने पुस्तक मिटलं आणि मास्तरांनी भरून दिलेला डबा उचलून चालू लागला.

चार महिन्यांनी टर्बो निकामी झाला. ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग मागे निळ्या धुराचा लोट. गाडी दुसऱ्या गाडीवर लादून आणावी लागली. मिस्त्रीने टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी सोडवली. आत तेल भाजून भाजून कोळशाची खरपुडी धरली होती. बेअरिंगपर्यंत थेंबही जात नव्हता.

डॉक्टरीणबाई गॅरेजच्या दारातच उभ्या होत्या. आणखी दोन जुनी गिऱ्हाइकं बाकावर बसलेली.

"पुस्तकात लिहिलेलं तेल घातलं होतंत?"

"नाही."

"का नाही?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "माझं चुकलं," म्हणाला.

त्यावर बाई बोलायचं ते सगळं बोलल्या आणि गाडी दुसरीकडे घेऊन गेल्या. बाकावरचे दोघेही पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढले नाहीत.

मास्तरांना हे घरी जेवताना कळलं. बायको म्हणाली, "अहो, त्याच्या हातून असं कसं झालं हो? तो तर नटसुद्धा मोजून आवळतो. तेल तुमच्याकडूनच नेतो ना? तेव्हा काही बोलला होता का?"

मास्तरांच्या तोंडात घास होता. "आठवत नाही बुवा," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी, नजरचुकीनं."

"उद्या जरा समजवा त्याला. तुमचं ऐकतो तो."

आणि खरंच, मास्तर दुसऱ्या दिवशी त्याला समजवायला गेले. घाई करू नये, विचारून करावं, असं दहा मिनिटं बोलले. मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. शेवटी "बरं, भावजी," एवढंच म्हणाला. पुढे कधीतरी मास्तर मला म्हणाले, "त्यापेक्षा त्यानं माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी सुटलो असतो."

घरी यायचं तर बायको रोज भावाची काळजी करत बसलेली. दुकानात उभं राहायचं तर समोर तोच ड्रम. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना मास्तरांनी खणातून तेलाच्या कंपनीचं माहितीपत्रक काढलं. बावीस वर्षं ते तिथेच पडून होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. गिऱ्हाइकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून त्यांनी ते वाचलं. डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असं ते इतकी वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत आले होते. तो तर विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा निघाला. पहिला आकडा इंजिन गार असताना तेल किती चटकन धावतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती तग धरतं त्याचा. झिरो-चाळीस म्हणजे पाणी नव्हतंच. आणि टर्बोच्या आचेला साधं तेल जळतं, तिथे सिंथेटिकच लागतं, हेही मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मिस्त्री जे 'म्हणे' म्हणाला होता, ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

मग त्यांचं बोलणं अडखळायला लागलं. गिऱ्हाइकाने विचारलं की "तुम्हीच ठरवा" म्हणत. मी खोदून विचारलं तेव्हा टायरच्या थप्पीआड उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

"बाईंना जाऊन सांगा," मी म्हणालो.

"आणि मग काउंटरवर कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"आत्ता कुठल्या तोंडानं उभे आहात?"

हे बोलायचा मला काय अधिकार होता? त्या दिवशी हसण्यात मीही होतोच. पण बोलून गेलो.

दवाखान्यातल्या मदतनीस मुलीला वाटलं दात दुखतोय. तिने मास्तरांना खुर्चीत बसवलं, गळ्याला फडकं बांधलं, खुर्ची मागे पाडली. बाई आल्या, दिवा तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, "आ करा."

"दाताचं नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या गाडीत चुकीचं तेल गेलं ते मी दिलं होतं. मिस्त्रीनं योग्य तेच मागितलं होतं. मी त्याला हसलो."

उताणं पडल्या पडल्याच त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी दिवा बंद केला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग पुस्तक वाचायचं. कुणाला तरी विचारायचं."

"विचारलं असतं तर मला माहीत नाही हे लोकांना कळलं असतं."

बाईंनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाल्या, "मी त्या माणसाला लोकांसमोर काय काय बोलले, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे."

"याला सहा आठवडे झाले."

"हो."

"उठा," त्या म्हणाल्या. "बाहेर पेशंट थांबलेत."

त्याच दिवशी दवाखाना लवकर बंद करून त्या गॅरेजमध्ये गेल्या आणि मिस्त्रीची माफी मागितली. इकडे मास्तरांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिने सगळे कपडे संपवले, शेवटचा टॉवेलही. मग म्हणाली, "तुम्ही त्याला समजवायला गेला होतात." सकाळी पिशवी भरून भावाकडे गेली ती तिसऱ्या दिवशी परतली. मीठ संपलंय, बिल आलंय, एवढंच बोलत राहिली कितीतरी दिवस.

ती तिकडे होती तेव्हाच मास्तर गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री एका गाडीखाली होता. बाहेर आला नाही. मास्तरांना त्याचे दोन बूट तेवढे दिसत होते.

"माझं चुकलं रे," ते बुटांना म्हणाले.

"तुमच्या तेलानंच झालं, हे नळी उघडली तेव्हाच कळलं होतं मला," आतून आवाज आला. "ताईच्या संसारात माझ्यापायी वाकडं नको, म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. वाटलं, भावजी आता बोलतील. तर तुम्ही मलाच शिकवून गेलात."

"हो."

"ते नाही गिळता येत मला."

मग पाना फिरल्याचा आवाज सुरू झाला. मास्तर निघून आले.

डॉक्टरीणबाईंनी गाडी परत मिस्त्रीकडे आणली. तो तेल मात्र आता दुसऱ्या दुकानातून नेतो. मास्तर काउंटरवरच आहेत. कुणी विचारलं की म्हणतात, "मला पाठ नाही. गाडीचं पुस्तक आणा, बघून सांगतो." काही गिऱ्हाइकं पुस्तक आणायला म्हणून जातात ती परत येत नाहीत. मालक कुरकुरतो.

बाकावरच्या त्या दोघांचे पत्तेही त्यांनी शोधून काढले. पहिल्याने सगळं ऐकून घेतलं, बघू म्हणाला, आणि महिन्याभराने मिस्त्रीकडे गाडी लावली. दुसऱ्याने दार अर्धवटच उघडलं. "घरचं भांडण घरात मिटवा," म्हणाला आणि दार लावून घेतलं. मास्तर येऊन माझ्याकडे टायरवर बसले, पुन्हा जाऊ का म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, जा. परवा ते पुन्हा गेले होते. त्या माणसाने गाडीच विकून टाकली आहे.