गिरणीच्या गेस्ट हाऊसचे बटलर

दार सताड उघडं असलं तरी ते चौकटीवर दोन बोटांनी टकटक करायचे. "येऊ का, ताईसाब?"

"अहो, या की! दार उघडंच आहे."

"असू द्या की. सायबलोकांत असंच असतंय."

कादंबऱ्यांतले बटलर तुम्हीही वाचले असतील. हातमोजे घालतात, मालकाची गुपितं पोटात ठेवतात. आमचे बटलर सोलापूरच्या एका गिरणीच्या गेस्ट हाऊसमधले. अंगात पांढरा कोट, तोंडात त्यांच्या करकंब गावची बोली. गोरे साहेब कधीच गेले होते. सत्तरच्या दशकात तिथे उरले होते कापडखरेदीला येणारे व्यापारी आणि कामगारकल्याण खात्यात नव्याने लागलेली मी, आईबाप नसलेली. बटलर रॉकेलच्या रांगेत उभे राहायचे आणि परत येऊन शेंगाची चटणी चांदीच्या चमच्याने वाढायचे. मला मेलं हसू आवरायचं नाही.

मला बघायला पाहुणे आले, तेही तिथेच. मुलगा मला पसंत होता, अगदी मनापासून. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईने विचारलं, "मुलीकडून बोलणारं कोण?"

कोण असणार! काका येतो म्हणाले होते, आले नाहीत. आता ही मंडळी उठून जाणार, एवढंच कळत होतं.

बटलर मागे ट्रे घेऊन उभे होते. पाहुण्यांसमोर ते जन्मात कधी बसले नव्हते. त्यांनी ट्रे ठेवला, खुर्ची ओढली आणि बसले.

"मी हाय की. काय इचारायचं ते मला इचारा. पोरगी लई गुणाची हाय. पर उपाशीपोटी चिडती, ते आदीच सांगून ठिवतो."

मुलाची आई खुदकन हसली. लग्न ठरलं ते तिथेच. मामा होऊन मला बोहल्यावर आणलं तेही त्यांनीच, पांढऱ्या कोटात.

पुढे गिरणीने गेस्ट हाऊस बंद केलं आणि ते गावी गेले. पण दर दिवाळीला करकंबहून माझी साडीचोळी यायची. भाग्य माझं, दुसरं काय म्हणू!

एका दुपारी त्यांचा पुतण्या दारात आला. "काका गेले," म्हणाला.

मी तिथेच उंबऱ्याशी बसले. नात्याने ते माझे कोणीच नव्हते. रडावं तरी कोण म्हणून?

सासूबाईंनी निवडत असलेले तांदूळ बाजूला सारले. आत जाऊन माझं लुगडं घेऊन आल्या.

"ऊठ गं बाई. डोक्यावरून पाणी घे. तुझ्या माहेरचं माणूस गेलंय."