चार गल्ल्यांचं केंद्र

साठ सालाच्या पुढेमागे अमरावतीत रॉकचं एक रेडिओ केंद्र होतं, असं आज सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. पण होतं. आमच्याच घरात, ज्वारीच्या कोठीमागे होतं, आणि ते माझ्यामुळे बुडालं.

माझा धाकटा भाऊ एका सरकारी खात्यात यंत्रं दुरुस्त करायचा. आमच्या सात पिढ्यांतली ती पहिली सरकारी नोकरी, आणि तीही अजून कायम झालेली नव्हती. भंगारातल्या लष्करी सेटचे भाग जोडून त्यानं प्रक्षेपणाचं यंत्र बनवलं. नागपूरहून आणलेल्या, गिटारच्या धडाक्याच्या इंग्रजी तबकड्या तो रोज संध्याकाळी अर्धा तास लावायचा. मधेच म्हणायचा, "ऐकून राहिले असान तर एक कार्ड टाकजा." आणि चक्क घरचा पत्ता सांगायचा. चोरून रेडिओ चालवून पत्ता सांगणारा तो जगात एकटाच असावा.

कार्ड एकही आलं नाही. महिनाभर तो ओट्यावर पोस्टमनची वाट पाहत बसला. त्याचं जेवणावरून मन उडालं, आणि मला ते बघवेना. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. डाव्या हातानं एक कार्ड लिहिलं आणि वलगावहून येणाऱ्या विद्यार्थिनीला तिकडच्या पेटीत टाकायला दिलं. ते आलं त्या दिवशी भाऊ दोन भाकरी जास्त जेवला. मग मला चटकच लागली. भातकुलीचा एक शेतकरी झाला, मोर्शीच्या संत्राबागेतला रखवालदार झाला. मोर्शीची कार्डं आमच्या शाळेतल्या एक बाई शनिवारी घरी जाताना न्यायच्या. माझ्या या श्रोत्यांपैकी कोणालाच इंग्रजी येत नसे, गिटार मात्र सगळ्यांना आवडायची.

खरं तर यंत्राचा आवाज चार गल्ल्यांपलीकडे जात नव्हता. त्या चार गल्ल्यांत तो लोकांच्या रेडिओवरल्या भजनात घुसायचा. कोणीतरी तक्रार केली आणि रेडिओची लायसनं तपासणारे साहेब दारात आले.

साहेब भले होते. यंत्र पाहून म्हणाले, "हे तर खेळणं आहे. मोडून टाका, मी काही लिहीत नाही." विषय तिथेच मिटत होता. पण खेळणं म्हटल्याबरोबर भाऊ पेटला आणि आतून कार्डांचा गठ्ठा घेऊन आला.

"खेळणं काहून म्हणता साहेब? मोर्शीपर्यंत ऐकून राहिले लोक. हे पाहा."

साहेबांनी कार्डं वाचली, शिक्के पाहिले. चेहराच बदलला त्यांचा. "जिल्हाभर जातं म्हणजे मला खटला भरावा लागेल. मग नोकरीचं काय होईल ते तुम्हीच समजा," असं म्हणून ते लिहायला बसले.

भावाची नोकरी वाचवायची की त्याचे श्रोते, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी पुढे झाले आणि सगळी कार्डं मीच लिहिल्याचं सांगितलं. साहेबांना पटेना, तेव्हा त्यांच्यासमोर डाव्या हातानं चार ओळी लिहून दाखवल्या. त्यांनी आपला कागद फाडला आणि यंत्र तेवढं घेऊन गेले.

भाऊ एकेक कार्ड पुन्हा उलटून पाहत होता. "सारे तूनंच लिहिले, ताई?"

"हो."

"मंग मी इतके दिवस कोनासंग बोलून राहिलो होतो?"

पुढल्या वर्षी त्याची नोकरी कायम झाली. माझ्याशी तो त्या दिवसापासून कामापुरतंच बोलतो.