सुमनकाकूंची सीट

सुमनकाकूंची गाडी डीलरकडून तिसऱ्यांदा परत आली आणि कागदावर तिसऱ्यांदा तेच लिहिलेलं होतं: ‘नो ट्रबल फाउंड’. म्हणजे तुमची तक्रार असेल, आम्हाला काही सापडलं नाही. तो कागद काकूंनी रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये माझ्या हातात दिला. ट्रॉय या अमेरिकन गावातल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं, की मिलिंद, म्हणजे मी, गाड्यांच्या सीट्स बनवतो.

‘बनवतो’ हे जरा जास्तच झालं. २००४ च्या सुमारास मी एका सीट सप्लायरकडे वॉरंटी इंजिनिअर होतो. गाडी एक कंपनी बनवते, तिच्या सीट्स दुसरीच. त्या सीट्सच्या तक्रारी माझ्या टेबलावर येत. काकूंची सीट आमचीच होती, त्यामुळे मला आधीच ओशाळल्यासारखं झालं.

फ्रीवेवर चढणाऱ्या रॅम्पवर ॲक्सिलरेटर दाबला, की सीटची डावी बाजू ‘टक’ करून बोटभर मागे सरकायची. बोटभर ऐकायला थोडं वाटतं. मागून ट्रक येत असताना पाय पेडलवरून सुटला की ते किती असतं ते कळतं. काकू बावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकल्या होत्या, टेस्टमध्ये दोनदा नापास होऊन. त्याच गाडीने त्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला जात. आता काका म्हणत होते, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत, झेपत नसेल तर नोकरी सोड.

“डीलर म्हणतो काही नाही, हे म्हणतात काही नाही,” काकू म्हणाल्या. “तूही तेच म्हणालास तर किल्ली ठेवून देते.”

मी लगेच गाडीत बसलो, सीट मागे घेतली आणि दोन चकरा मारून आलो. सीट जागची हलली नाही. मी तसं सांगितलं. काकूंनी तो कागद परत घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी ऑफिसात डेव्ह, माझा बॉस, म्हणाला की अशा एकोणीस तक्रारी आहेत आणि एकोणीस वेळा नो ट्रबल फाउंड. परत आलेल्या सीट्स आमच्या लॅबमध्येही पास झाल्या होत्या. फाइल क्लोज कर, म्हणाला. मी आठवडाभर मागून घेतला.

काकूंच्या डीलरला फोन केला. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर तक्रार लिहून घेणारा माणूस, म्हणाला की काही कस्टमर्सना आवाज ऐकायची हौसच असते. टेस्ट ड्राइव्हला बाई गाडीत होत्या का, असं मी विचारलं. नाही, मेकॅनिक एकटाच जातो.

शनिवारी मी काकूंना म्हटलं, आज तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. काकू बसल्या आणि किल्ली लावायच्या आधी सीट खडखडत अगदी पुढे ओढून घेतली.

“सकाळी ह्यांनी नेली होती,” म्हणाल्या. “डीलरकडून येते तेव्हाही अशीच मागे असते.”

काकूंची उंची चार फूट अकरा इंच. रॅम्पवर पोचलो, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि टक! मी स्वतः ऐकलं. इतकं लाजिरवाणं आणि इतकं छान मला एकाच वेळी क्वचित वाटलं असेल.

सीट दोन रुळांवर सरकते. लिव्हर सोडला की दोन्ही बाजूंचे दात रुळांच्या खाचांत बसतात. खाली वाकून पाहिलं, तर अगदी पुढच्या खाचेत डावा दात अर्धवटच बसत होता आणि जोर आला की सुटत होता. पण मेकॅनिक, लॅबवाले, मी, सगळे ताडमाड पुरुष. आधी सीट मागे ढकलायची आणि मग दोष शोधायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग मी बाकीच्या मालकांना फोन लावले आणि उंची विचारली. एक बाई फोनच ठेवणार होत्या. पण ज्यांनी सांगितली ते जवळजवळ सगळे बुटके निघाले. डेव्हला लॅबमध्ये सीट पुढे ओढून बसवलं. गुडघे छातीशी घेऊन त्याने पाठीने रेटा दिला. टक.

तसाच बसून तो म्हणाला, “आपल्या टीममध्ये पाच फुटांच्या आतलं कोणी आहे का?”

नव्हतं.

रूळ बदलला. मालकांना पत्रं गेली, डीलर्सनी नवे रूळ फुकट बसवून दिले. तपासणीच्या कागदावर मी पहिली ओळ घातली: सीटला हात लावू नका, मालकाला बसवा, आपण शेजारी बसा. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढीच अक्कल मी कागदावर ठेवून आलो.

रूळ बदलल्यावर काकू मला स्वतः जेवायला न्यायला आल्या. काका त्यांच्या शेजारी, दारावरचं हँडल घट्ट धरून. मी काकूंच्या मागे. सहा फुटी माणसाला मागच्या सीटवर पाय पसरून बसता येईल, अशी ट्रॉयमध्ये ती एकच गाडी असावी.